साथीच्या दिवसांत मंडळाची बैठक: आधी हवा पाहा, मग बाकीचं

तरुण मंडळाची बैठक, किशोरी गट, पोलीस भरतीचा सराव, गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची प्रार्थना. साथ आली की गावात सगळ्यात आधी हेच बंद पडतं. साथ जरा ओसरली की घाईनं, कसंही, सुरूही हेच होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यातली दुसरी लाट आधी दिसली ती आपल्या अमरावती, अकोला, यवतमाळ पट्ट्यात. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद करावं लागलं, तेव्हा मुंबई-पुण्याकडे बरेच लोक साथ संपली असंच धरून चालले होते. महिनोन्‌महिने पोरा-पोरींना घरात कोंडून ठेवणं बरोबर नाही, आणि बेफिकिरीनं एका खोलीत चाळीस जण बसवणंही बरोबर नाही. बैठक सुरक्षित करता येते, पण त्यासाठी कष्ट योग्य जागी घ्यावे लागतात.

आधी रोग कशातून पसरतो ते विचारावं. गॅस्ट्रो किंवा कावीळ असेल तर पाणी, हात आणि बाहेरचं खाणं सांभाळायचं, तिथे खिडक्या उघडून काही होत नाही. कोविड आणि फ्लू श्वासातून पसरतात. बोलताना, गाताना, धापा टाकताना तोंडातून निघणारे बारीक कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं हे २०२१ च्या एप्रिलअखेरीस स्पष्ट लिहिलं, पण तोवर आपल्या गावांचं निम्मं बळ रस्त्यांवर फवारणी करण्यात गेलं होतं. श्वासातून पसरणाऱ्या साथीत पहिला खर्च आणि पहिली मेहनत हवेवर करावी, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे उघड्यावरची. पिंपळाचा पार, शाळेचं मैदान, मळणी आटोपलेलं खळं. मांडव टाकणार असाल तर कनाती काढून ठेवा. तीन बाजूंनी कापड लावलेला मांडव म्हणजे खोलीच, फक्त भिंती कापडाच्या. समोरासमोरच्या दोन बाजू तरी पूर्ण मोकळ्या हव्यात. पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा वापरा. किशोरी गट बहुतेक ठिकाणी अंगणवाडीच्या छोट्या खोलीत बसतो, त्यालाही ओसरीवर आणा. उन्हाळ्यात दुपारचा विचारच नको. पोरांना संध्याकाळी सातनंतर चालतं, पण मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं असतं, म्हणून मुली येणार असतील तर सकाळी साडेसहाची वेळ धरा.

समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसावंच लागलं, तर एक अगरबत्ती लावून खोलीच्या मधोमध उभी करा. धूर एका दिशेनं सरकत खिडकीबाहेर जात असेल तर हवा वाहते आहे. तो तिथेच घुटमळत राहिला, तर माणसांचा श्वासही तिथेच घुटमळणार. छताचा पंखा हवा नुसती घुसळतो, बदलत नाही. एक्झॉस्ट पंखा लावून दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. हिशोब असा आहे: माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. वीस जणांना ७२० घनमीटर. पंख्याच्या पाटीवर आकडा असतो, पण जाळी आणि धुळीमुळे प्रत्यक्षात हवा त्याहून कमी जाते, तेव्हा थोडा मोठाच घ्या.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खिडक्या उघड्या ठेवा म्हणून सांगणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. पण कूलर नीट बसवला तर तो या कामात मदतच करतो. तो खोलीच्या बाहेर, खिडकीला लावायचा, म्हणजे ताट्यांमधून बाहेरची हवा आत येते. समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं, म्हणजे आतली हवा ढकलली जाते. कूलर खोलीतच ठेवून सगळं बंद केलं, तर तीच हवा फिरत राहते, वरून ओलसरपणा वाढतो, अंग चिकचिकतं आणि गारवाही लागत नाही. म्हणजे ज्या उघड्या दारामुळे संसर्ग कमी होतो, त्याच दारामुळे कूलर चांगला चालतो. कूलरसमोर पहिल्या रांगेत कोणाला बसवू नका, कारण त्याच्यावरून गेलेली हवा मागच्या सगळ्यांवर जाते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. त्यात डेंग्यूचे डास झाले तर ताप कशाचा हेच कळणार नाही. हिवाळ्यात उलटं असतं. आतली हवा गरम आणि बाहेरची थंड असली की फटीतूनही हवा जोरात बदलते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या तरी बराच फरक पडतो.

अंतरासाठी जमिनीवर चुन्यानं सहा-सहा फुटांवर खुणा करा. २० बाय ३० फुटांच्या सभागृहात येण्या-जाण्याची वाट सोडून बारा ते चौदा जण बसतात. हवा वाहत नसेल तर तेवढेही नकोत. तासाभरात आटोपा, आणि मध्ये अर्ध्या तासाला सगळ्यांनी दहा मिनिटं बाहेर या. मोठ्या मंडळाच्या आठ-दहा जणांच्या तुकड्या पाडा आणि त्या बदलू नका. आज या तुकडीत, उद्या त्या, असं फिरणारा एक उत्साही कार्यकर्ता सगळ्या तुकड्या जोडून टाकतो, आणि बहुतेक वेळा तो अध्यक्षच असतो.

भजनाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथेच मन मोडतं. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट खोऱ्यात, एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. हजर ६१ जण. त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. मोठ्यानं गाताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. म्हणून खंजिरी भजन बंद खोलीत नकोच. उघड्यावर एकानं गावं, बाकीच्यांपासून दहा-बारा फूट लांब, आणि वारा त्याच्याकडून लोकांकडे जाणार नाही अशा बाजूला उभं राहून. बाकीच्यांनी मास्क लावून टाळ-खंजिरी धरावी, ध्रुपद मनात म्हणावं. माईक जरूर वापरा, कारण त्यामुळे ओरडावं लागत नाही. पण एक माईक एकाच माणसाकडे. तो हातोहात फिरवायचा नाही.

खेळात कबड्डी थांबवावीच लागते. दम धरून तोंडानं बोलत समोरच्याच्या अंगाशी जाणं हाच तो खेळ, त्याला सुरक्षित रूप नाही. भरतीची तयारी मात्र चालू ठेवता येते. १६०० मीटर धावणं चौघा-चौघांच्या गटानं, एकामागे एक न धावता शेजारी अंतर ठेवून. धावताना मास्क नको, थांबल्यावर लावा. गोळा एकच असेल तर हात साबणानं धुऊन फेकला की पुरे, प्रत्येक फेकीनंतर गोळा पुसत बसू नका.

मास्कला पर्याय म्हणून दुपट्टा गुंडाळणं फार कमी कामाचं आहे. एन-९५ असेल तर उत्तम, पण झडपवाला घेऊ नका, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. तो धुवायचा नसतो. चार-पाच घेऊन कागदी पिशवीत ठेवून आळीपाळीनं वापरा. ओला झाला किंवा दोरी सैल पडली की टाका. एवढे परवडत नसतील तर आत सर्जिकल आणि वर घट्ट कापडी मास्क चालतो. नाकाशी फट राहिली तर सगळंच वाया.

बैठक सगळी नीट होते आणि शेवटी चहा-पोह्याला घोळका होतो. मास्क उतरतात, हसणं-खिदळणं सुरू होतं, तिथेच खरी देवाणघेवाण होते. खायचं असेल तर पुड्या करून घरी द्या, नाहीतर बाहेर लांब-लांब बसून खा. पाण्याची बाटली ज्याची त्यानं आणावी, आणि माठ ठेवलाच तर तोटीचा. येण्या-जाण्याचंही तसंच. खच्चून भरलेल्या काळी-पिवळीत काचा लावून अर्धा तास बसलं, तर पुढचा मोकळ्या हवेतला तास काही भरून काढत नाही. उघडी ट्रॉली किंवा सायकल त्याहून बरी.

ब्लिचिंगचं थोडक्यात. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण १ टक्क्याचं द्रावण. दारांच्या कड्या, नळ, संडास यांना लावा. रोज ताजं करा, उन्हात आणि उघड्या डब्यात त्याची ताकद उडते. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांच्या अंगावर फवारू नका. सॅनिटायझर लावला तर हात पूर्ण सुकल्याशिवाय आरतीला किंवा शेकोटीजवळ जाऊ नका.

ताप मोजायची बंदूक उन्हातून आलेल्या कपाळावर काहीही दाखवते. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: अंगात कणकण आहे का, खोकला-घसा किंवा वास न येणं आहे का, घरात कोणी आजारी आहे का. पण खरं उत्तर केव्हा मिळतं? सांगण्यानं नुकसान होत नाही, हे पोराला माहीत असेल तेव्हा. मागच्या साथीत लोकांनी ताप लपवला, कारण कोविड सेंटरला नेतील, गावात नाव होईल, वेचणीची मजुरी बुडेल. म्हणून मंडळानं आधीच ठरवावं: "भाऊ, दोन दिवस येत नाही" एवढा निरोप पुरे, कारण विचारायचं नाही, हजेरी कापायची नाही, ग्रुपवर चर्चा करायची नाही. हा एक नियम पाळला गेला नाही, तर वरचं काहीच टिकत नाही.

हजेरीची वही ठेवा: नाव, मोबाइल, तुकडी, कोण कोणाशेजारी बसलं. कोणी आजारी निघालं तर त्याच्या लक्षणांच्या दोन दिवस आधीपासूनच्या बैठका काढा, त्या तुकडीला आणि आशाताईंना त्याच दिवशी फोन करा. नाव सांगायची गरज नाही. तुकडीतल्यांनी घरात आजी-आजोबांपासून वेगळं झोपावं, ओसरीवर का होईना. लक्षणं असताना अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली म्हणून बाहेर पडू नये, आरटीपीसीआर करून घ्यावी. मंडळानं एक ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं यंत्र, घ्यावा. मेंदी किंवा नेलपॉलिश असलेल्या, थंड पडलेल्या बोटावर तो चुकतो, म्हणून बोट चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजा. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच वेळी न्या. रात्रीची वेळ असेल तर १०८ ला फोन करा. गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर आधीच लिहून ठेवा.