कंट्रोलचे उंदीर

कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, उंदरांना काही व्हायला नको होतं. त्यांच्या यकृताचा रक्तपुरवठा आम्ही अडवलाच नव्हता. तरी त्या मंगळवारी २९५ नॅनोमीटरवरची, युरिक आम्ल किती बनतंय ते दाखवणारी रेघ एनएडी (पेशीतला इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) न घालताच सरसर चढत गेली.

युरिक आम्ल बनवणारं झँथिन ऑक्सिडोरिडक्टेज हे एकच एन्झाइम, पण त्याची रूपं दोन. धडधाकट पेशीत ते बहुतांशी डिहायड्रोजनेज असतं, इलेक्ट्रॉन एनएडीला देतं. पेशीला इजा झाली की त्याचे सल्फहायड्रिल (गंधक असलेले) गट ऑक्सिडाइज होतात, नाहीतर प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइमं, त्याला कातरतात. मग ते ऑक्सिडेज होतं, इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देतं आणि सुपरऑक्साइड हा पेशीला घातक रेणू तयार होतो. युरिक आम्ल दोन्हीकडे बनतंच, म्हणून प्रत्येक नमुना दोनदा मोजायचा: एनएडी घालून आणि न घालता. न घालता जे बनतं ते ऑक्सिडेजचं.

हे एन्झाइम अडवणारं ॲलोप्युरिनॉल घातलं, रेघ आडवी झाली. एन्झाइम तेच होतं. मग १० मिलिमोलर डीटीटी (ऑक्सिडाइज झालेले सल्फहायड्रिल गट पूर्ववत करणारं रसायन) घालून ३७ अंशांवर ठेवलं, आणि जवळजवळ सगळं ऑक्सिडेज पुन्हा डिहायड्रोजनेज झालं. कातरलेलं एन्झाइम असं परतत नाही. या पायरीचा मला अभिमान आहे. इजा कुठली ते तिनेच सांगितलं.

"ताई, एप्रिलमध्ये उणे ऐंशीचा फ्रीजर बंद पडला होता. तेव्हा ट्यूबा उणे वीसमध्ये हलवल्या होत्या," ज्युनिअर म्हणाली. रजिस्टरमध्ये एक अक्षर नाही! उणे वीसला ठेवलेल्या सुपरनेटंटमध्ये (वाटलेल्या यकृताच्या वरच्या निवळीत) हे रूपांतर होतं, हे स्टिर्पे आणि देला कोर्ते यांनी १९६९ मध्येच दाखवलंय. जीव घेऊन मिळवलेला नमुना असा हलवायचा आणि दोन ओळी लिहायच्या नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

सर म्हणाले, "दोन्ही गटांच्या ट्यूबा तिथेच होत्या ना? वजाबाकी कर आणि पुढे जा." मला ते पटलं नाही. छापलेला आकडाही चुकू शकतो. आतड्यात हे रूपांतर काही सेकंदांत होतं असं एकदा छापून आलं होतं. १९८८ मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा ते कितीतरी सावकाश निघालं.

दुसऱ्या दिवशी ताज्या यकृताचे दोन भाग केले. एक साध्या बफरमध्ये वाटला, दुसरा डीटीटी आणि पीएमएसएफ (प्रोटिएज अडवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये. साध्या बफरमध्ये ऑक्सिडेज जास्त निघालं. वाटणं हीसुद्धा पेशीला इजाच.

रक्तपुरवठा अडवलेल्या गटाच्या सहा ट्यूबा मात्र डीटीटीने पूर्ण परतल्या नाहीत. ते एन्झाइम उंदराच्या पोटातच कातरलं गेलं, की पीएमएसएफ न घातल्यामुळे आमच्या ट्यूबमध्ये? त्या ट्यूबा आता उणे ऐंशीत आहेत. आकडे मी प्रबंधात घातलेले नाहीत.