टर्मिनलमध्ये चालतं, अ‍ॅपला मात्र दिसत नाही

क्लॉड कोड, कोडेक्स आणि जेमिनी सीएलआय, कोड लिहिणाऱ्या या तिन्ही एआय सहाय्यकांना एकाच डेस्कटॉप अ‍ॅपमधून कामाला लावायचं होतं. काम लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीच्या हिशोबाचं. एकाकडे शेतकऱ्याची पट्टी, दुसऱ्याकडे हमाली-तोलाईची वजावट, तिसऱ्याकडे टेस्ट. अ‍ॅप बसवणं, रेपो (कोडचं गिट फोल्डर) जोडणं यात सांगण्यासारखं काही नाही. नंतर अ‍ॅप म्हणतं, 'कोडेक्स इन्स्टॉल केलेला नाही'. अन् शेजारच्या टर्मिनलमध्ये तोच कोडेक्स मजेत चालू!

अ‍ॅपवाल्यांचं उत्तर ठरलेलं: पुन्हा इन्स्टॉल करा. करू नका. सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून तर मुळीच नको. दोन प्रती होतात आणि कोणती चालतेय तेच कळत नाही.

खरी भानगड पाथची, म्हणजे कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्या यादीची. उबुंटू लिनक्सवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एनव्हीएमने, म्हणजे नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने घेतलं असेल, तर एनव्हीएम आपल्या ओळी बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलच्या शेवटी टाकतं. त्याच फाइलच्या सुरुवातीला अट असते: शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) इंटरॅक्टिव्ह, म्हणजे माणसाने टाइप करायला उघडलेला, नसेल तर इथूनच परत फिर. आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या अ‍ॅपपर्यंत त्या शेवटच्या ओळी पोचतच नाहीत. खात्री करायची तर अ‍ॅप पूर्ण बंद करून टर्मिनलमधून सुरू करा. तिघंही दिसले, तर दुखणं हेच.

मग सेटिंगमध्ये कोडेक्सच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्यावासा वाटतो. 'सापडत नाही' जातं, पण एरर १२७ येते: 'नोड नावाची फाइल नाही'. कारण एनपीएमने (नोडचं पॅकेज बसवायचं साधन) बसवलेली कमांड ही बहुतेकदा छोटी स्क्रिप्ट असते, आणि तिची पहिलीच ओळ पाथमध्ये नोड शोधते. म्हणून नोड आणि कोडेक्स दोन्हींच्या सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारे शॉर्टकट) होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल'च्या बिन फोल्डरमध्ये करा, लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे फोल्डर असेल तर उबुंटूची प्रोफाइल फाइल ते पाथमध्ये घेते. एनव्हीएममधून जुनं नोड काढून टाकलं की सिमलिंक तुटते, तेवढं ध्यानात ठेवा. एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) बॅशआरसीत एक्स्पोर्ट केली असेल, तर तीही याच कारणाने अ‍ॅपला मिळत नाही. एवढं सगळं त्या एररच्या संदेशात एका ओळीत सांगता आलं असतं!

बाकी सोपं. प्रत्येकाला वेगळी गिट वर्कट्री, म्हणजे त्याच रेपोचं वेगळं कामाचं फोल्डर, द्या. एक ब्रँच एका वेळी एकाच वर्कट्रीत उघडते. नव्या वर्कट्रीत ईएनव्ही फाइल (पोर्ट, की अशी सेटिंग) आणि नोड मॉड्यूल्स (बसवलेली पॅकेजेस) येत नाहीत, कारण ते गिटमध्ये नसतात. फाइल कॉपी करा, एनपीएम इन्स्टॉल पुन्हा चालवा, अन् त्या कॉपीत पोर्ट बदला. नाहीतर सगळेच ३००० नंबरचा पोर्ट मागतात.

डेटाबेसही प्रत्येकाचा वेगळा हवा. हे आधीच सांगायला पाहिजे होतं. वर्कट्रीने फाइली वेगळ्या होतात, डेटाबेस नाही. पट्टीवाल्याने मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवून कॉलमचं नाव बदललं, की वजावटवाल्याच्या टेस्ट पडतात आणि तो चांगला चाललेला कोड 'दुरुस्त' करत बसतो.

लाइट गेली की राऊटर बंद, लॅपटॉप चालू. सहाय्यक अर्ध्या बदलावर थांबतो. रिझ्यूम करण्याआधी गिट डिफ बघा, आणि प्रत्येक छोट्या टप्प्याला कमिट करायला आधीच सांगून ठेवा.