‘रेफ्री, तुमची पेठ कुठली?’

कोल्हापुरात रेफ्रीला नियम किती येतात हे कुणी विचारत नाही, तो कुठल्या पेठेचा हे आधी विचारतात. मी कसबा बावड्याचा. म्हणजे शिवाजी पेठेच्या मते मंगळवार पेठेला सामील आणि मंगळवार पेठेच्या मते शिवाजी पेठेला. पोट उद्यमनगरातल्या मशीन शॉपवर चालतं. पण फुटबॉलचा हंगाम लागला की दुपारनंतर लेथवर लक्ष लागत नाही, पाय शाहू स्टेडियमकडं वळतात.

केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग संपली की नॉकआउट स्पर्धा एकामागून एक सुरू होतात. लीगमध्ये हरलेल्याला पुढची मॅच असते, त्यामुळं राग थोडा वाटून जातो. नॉकआउटमध्ये हरला तो घरी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, नावं कुठलीही घ्या, मागं अख्खी गल्ली उभी असते. हरलेल्या संध्याकाळी त्या गल्लीतून रेफ्रीनं गाडी घालू नये, एवढं शहाणपण आम्ही सगळ्यांनीच शिकलेलं आहे.

ती मॅच उपांत्य फेरीची होती. टीमची नावं सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एक निळी आणि एक पिवळी, एवढंच धरा. १-१ अशी बरोबरी, आणि शेवटच्या काही मिनिटांत पिवळ्यांच्या मधल्या फळीतल्या हाफला मी दुसरं यलो कार्ड दाखवलं. मागून जर्सी ओढलेली, समोर मोकळं मैदान. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, तरी घातला. पिवळे दहा राहिले. स्पर्धेच्या नियमात जादा वेळ नव्हता, थेट टायब्रेकर, म्हणजे पाच-पाच पेनल्टी.

इथं फुटबॉलचा कायदा क्रमांक दहा लागतो. पेनल्टी सुरू होण्याआधी दोन्हीकडचे खेळाडू समान करायचे. समोरचे दहा असतील तर अकरावाल्यांनीही एक जण बाहेर ठेवायचा. मी निळ्यांच्या कॅप्टनला बोलावून नंबर मागितला. तो म्हणाला, ‘‘आम्ही का काढायचा सर? कार्ड त्यांना मिळालंय.’’ समजावल्यावर त्यानं आपल्या उंच्यापुऱ्या स्टॉपरला, म्हणजे बचावफळीतल्या मधल्या खेळाडूला, बाहेर ठेवलं. आधीच्या फेरीत त्या पोरानं पेनल्टी गॅलरीत मारली होती, म्हणून असेल. पोरगं खाली मान घालून बेंचकडं गेलं.

पहिल्या टॉसनं कुठल्या गोलवर मारायचं ते ठरलं, दुसऱ्यानं आधी कोण मारणार ते. आधी पिवळे. तीन-तीन झाल्यावर ३-३. पिवळ्यांची चौथी निळ्यांच्या गोलकीपरनं उजवीकडं झेप घेऊन काढली, पण खांदा थेट पोस्टवर आदळला. त्याचा हात वर जाईना. डॉक्टर आले, बघितलं आणि नुसती मान हलवली.

निळ्यांचा मॅनेजर राखीव गोलकीपरला हातमोजे घालूनच घेऊन आला. मी त्याला लाइनवरच थांबवलं. त्यांचे सगळे बदली खेळाडू वापरून झाले होते. आता गोलमध्ये उभं राहायचं तर मैदानाच्या मधल्या सर्कलमध्ये थांबलेल्या नऊपैकी कुणीतरी, नाहीतर मघाशी संख्या सारखी करायला बाहेर ठेवलेला तो स्टॉपर. कायदा तेवढी सवलत देतो, फक्त जखमी गोलकीपर मग परत येऊ शकत नाही, पेनल्टीही मारू शकत नाही.

स्टॉपर हातमोजे चढवत आत आला आणि स्टेडियम पेटलं. पिवळ्यांच्या समर्थकांना एवढंच दिसलं की बाहेर बसवलेला माणूस परत आत आला. ‘‘अकरा झाले! अकरा!’’ पाण्याच्या बाटल्या सुरू झाल्या. बंदोबस्ताच्या पोलिसांनी काठ्या आडव्या धरून गॅलरीसमोर रांग केली. मी दोन्ही कॅप्टनना मध्ये बोलावलं आणि गोलकीपर धरून दोन्हीकडची डोकी त्यांच्यासमोर मोठ्यानं मोजली. दहा आणि दहा. पिवळा कॅप्टन म्हणाला, ‘‘सर, ह्यो नियम आजच छापून आणलाय काय?’’ हसू आलं होतं, पण त्या वेळी रेफ्रीनं हसलेलं शंभर मोबाइलमध्ये गेलं असतं.

मला अशा वेळी नेहमी १९६८ आठवतं. युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघाचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला आणि निकाल नाणेफेकीवर लागला. इटली फायनलला गेली. पेनल्टीची पद्धत कायद्यात आली ती १९७०मध्ये. तसं नाणं शाहू स्टेडियमवर उडवायची वेळ आली असती तर मी शिट्टी तिथंच ठेवून बावडा गाठला असता. इंग्लंडच्या एफए कपात मात्र पुन्हा सामना खेळवायची चाल कितीतरी वर्षं टिकली, २०२४-२५च्या हंगामात पहिल्या फेरीपासून ती बंद झाली. आमच्याकडं बरोबरीतली मॅच चार दिवसांनी परत ठेवा म्हटलं, तर बंदोबस्तवालेच आधी हात जोडतील.

निळ्यांची चौथी बारवरून गेली. त्या स्टॉपरनं पुढची अडवायला उडी तर झकास मारली, पण उलट्या बाजूला. पाच-पाच संपल्या तेव्हा ४-४. मग सडन डेथ, म्हणजे एकेक पेनल्टी, जो चुकला तो हरला. त्यात पिवळ्यांनी गोल केला, निळ्यांचा फटका गोलकीपरच्या पायाला लागून बाहेर गेला. संपलं.

मग जे झालं ते खास कोल्हापुरी. पाच मिनिटांपूर्वी मला विकला गेलेला म्हणणारे पिवळे ‘‘सर, नियम म्हणजे नियम!’’ करत हात मिळवायला आले. आणि निळे, ज्यांना त्याच नियमानं गोलकीपर दिला होता, ते राखीव गोलकीपर का सोडला नाही म्हणून लेखी तक्रार घेऊन टेबलापाशी. तक्रार फेटाळली गेली. ड्रेसिंग रूमबाहेर निळ्यांचे एक वयस्कर काका मला आडवे आले. शांतपणे म्हणाले, ‘‘पाव्हणं, बावड्याचं न्हवं तुम्ही? मग बरोबर.’’ काय बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही.

रात्री रिपोर्टमध्ये कार्ड, वगळलेल्याचा नंबर, गोलकीपर बदलल्याची वेळ, सगळं लिहिलं. बाटल्यांचंही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच टीमचा कोच वॉर्म-अप चालू असताना जवळ आला आणि हळूच विचारलं, ‘‘सर, एक बदली शेवटपर्यंत राखून ठेवली तर पेनल्टीत गोलकीपर बदलता येतोय न्हवं?’’

‘‘जखमी झाला तर,’’ मी म्हटलं.

‘‘हां, जखमीच होणार की,’’ तो म्हणाला आणि आपल्या गोलकीपरकडं बघून डोळा मारला.