केटी की केएफ? एका ‘वज्र’ची तपासणी

मे महिन्यातल्या एका दुपारी ग्वाल्हेरच्या नया बाजारातल्या आमच्या टेबलावर मिराज 2000 या लढाऊ विमानाचं 1/48 मापाचं प्लॅस्टिक किट आलं. आणणाऱ्या गृहस्थांबरोबर त्यांचे वडीलही होते, वायुसेनेतून निवृत्त झालेले टेक्निशियन. मॉडेल वडिलांच्या बैठकीत ठेवायचं होतं. ऑर्डर घेण्याआधी किट बनवण्यालायक आहे का, हे आम्ही तपासतो. त्या दिवशी तपासणीला चार तास लागले.

ग्वाल्हेरात हे विमान कोणालाच नवं नाही. मिराज 1985 मध्ये वायुसेनेत आलं, त्याला ‘वज्र’ नाव मिळालं आणि ते महाराजपूरच्या तळावर राहिलं. 1999 च्या कारगिलनंतर आणि 2019 च्या बालाकोटनंतर तर मुलंसुद्धा त्याची त्रिकोणी सावली ओळखतात. त्यामुळे इथे आकारातली चूक खपत नाही.

खोक्यावरचं चित्र आणि भागांची संख्या मी बाजूला ठेवते. पहिल्यांदा सूचनापत्रिकेतला नकाशा काढून प्रत्येक स्प्रूवरचे, म्हणजे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरचे, आकडे जुळवायचे. एकही भाग कापायचा नाही. कापलेलं किट दुकानदार परत घेत नाही. सगळे भाग होते. फक्त नाकावरच्या पिटो नळीचं, म्हणजे हवेचा वेग मोजणाऱ्या बारीक नळीचं, टोक अर्धवट भरलेलं होतं. साच्याच्या अरुंद टोकापर्यंत प्लॅस्टिक पोचलंच नव्हतं. याची काळजी नाही. इंजेक्शनची बारीक सुई कापून बसवली की ती साच्यातल्या नळीपेक्षा गोल आणि सरळ येते.

मग माप. खऱ्या विमानाची लांबी 14.36 मीटर, पंखांची रुंदी 9.13 मीटर. 48 ने भागलं की 299.2 आणि 190.2 मिलिमीटर. लांबी मोजताना पिटो नळी धरली की नाही यावरून आकडा हलतो, म्हणून मी आधी पंख मोजते. व्हर्नियर कॅलिपरने 189.7 मिलिमीटर आलं. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर 24 मिलिमीटर. डोळ्याला ते दिसणार नाही.

दिसणारी खोड काचेवर कळली. दोन्ही पंखांची खालची बाजू मिळून एकच भाग होता. खिडकीच्या जाड काचेवर तो पालथा ठेवला तर डावं टोक टेकलं आणि उजवं तीन मिलिमीटर वर राहिलं. साच्यातून भाग गरम असतानाच ओढला की तो असा वाकतो. जड खोक्यांखाली वर्षानुवर्षं पडून राहिला तरीही. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंशाला मऊ पडतं, पण सततचा दाब त्याहून कमी उष्णतेतही आपलं काम करतो. यावर इलाज आहे: गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा-एक मिनिट बुडवायचं, हाताने हळूच विरुद्ध बाजूला वाकवून धरायचं आणि तसंच गार पाण्यात घालायचं. एका फटक्यात सरळ करू गेलं तर पंखाच्या मुळाशी पांढरी रेघ उमटते आणि ती रंगाखालूनही दिसते. दोन-तीन वेळा थोडं थोडं करावं.

पृष्ठभाग मात्र सुंदर होता. पॅनेलच्या रेघा कोरलेल्या, बारीक, सगळीकडे सारख्या. रेघ 0.3 मिलिमीटर रुंद असली तरी खऱ्या विमानावर ती 14 मिलिमीटरची फट होते, म्हणून रेघा जितक्या बारीक तितकं बरं. टॉर्च आडवा धरून पाहिलं तेव्हा उभ्या शेपटीच्या मुळाशी दोन खड्डे चमकले. आतून जिथे जाड खुंटी असते तिथलं प्लॅस्टिक उशिरा थंड होतं, आकसतं आणि वरचा पृष्ठभाग आत ओढतं. पातळ थरांनी पुट्टी भरायची. एकाच जाड थरात भरली तर तीही आकसते. चाकांच्या दारांच्या आतल्या बाजूला भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा होत्या. मॉडेल चाकांवर उभं राहिलं की त्या दिसतात, पण तिथे हात पोचतो.

हात पोचत नाही तो हवेच्या नलिकेत. मिराजच्या दोन्ही बाजूंच्या हवातोंडांत अर्धशंकूच्या आकाराचे सरकते भाग असतात. फ्रेंच लोक त्यांना ‘सूरी’ म्हणतात, म्हणजे उंदीर. या किटमध्ये ते वेगळे ओतले होते, हे चांगलं. पण नलिकेचे दोन अर्धे जुळतात तिथली शिवण अगदी समोरून दिसते आणि एकदा धड चिकटवलं की घासता येत नाही. ती आधीच घासून, रंगवून मगच जोडावी लागते. सूचनापत्रिकेत हा क्रम उलटा दिला होता.

मग टेपची परीक्षा. धडाचे दोन अर्धे, हवातोंडं आणि पंख मास्किंग टेपने कोरडेच जोडले. मिराजच्या किटमध्ये खरा निकाल तीन सांध्यांवर लागतो: पंखाचं मूळ, हवातोंडाचा धडाशी मेळ आणि कॅनोपीची, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या झाकणाची, बैठक. पंखाचं मूळ छान बसलं. उजव्या हवातोंडाशी 0.4 मिलिमीटर पायरी राहिली. तिथे पुट्टी भरली तर शेजारच्या रेघा बुजतात, म्हणून आतून प्लॅस्टिकच्या पट्टीने धड किंचित बाहेर ढकलायचं. कॅनोपीच्या मध्यावर साच्याची रेघ होती. फुगीर काचेला बहुधा ती असतेच, कारण कडेला आत वळणारी काच दोन भागांच्या साच्यातून निघत नाही. 2000 पासून 6000 नंबरपर्यंतच्या बारीक पॉलिश कागदांनी घासून पॉलिश केली की रेघ जाते. काचेच्या आत प्रवाहाच्या लाटा असत्या तर मी किट तिथेच परत केलं असतं. त्या नव्हत्या.

इतकं होईपर्यंत काका, म्हणजे ते निवृत्त टेक्निशियन, शांत होते. मी डेकल्सचा, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणांचा, कागद काचेवर धरला तेव्हा ते पुढे झुकले. माझं लक्ष वायुसेनेच्या वर्तुळांवर होतं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. भिंगातून पांढरं कडं एका बाजूला निम्म्याने बारीक दिसत होतं. छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसले नव्हते.

“अहो ताई, हा नंबर केटी आहे,” काका म्हणाले. “केटी म्हणजे दोन सीटचं, ट्रेनर. आपलं तर एका सीटचं. त्याला केएफ पाहिजे.”

बरोबर होतं. एका सीटच्या मिराज 2000 एच वर केएफ, दोन सीटच्या टीएच वर केटी. शेपटीवरचा नंबर सगळ्यांत आधी वाचला जातो आणि माझ्या यादीत त्याची तपासणी नव्हती. लगेच भागही पुन्हा पाहिले: धडाच्या पोटाखाली 30 मिलिमीटरच्या दोन तोफांची तोंडं होती, कॉकपिट एकच. म्हणजे प्लॅस्टिक एका सीटचंच. चूक फक्त कागदाची.

मग त्याच कागदावरची नको असलेली एक बारीक अक्षरांची खूण (स्टेन्सिल) कापून कोमट पाण्यात सोडली. सरकवताना तिचे तीन तुकडे झाले. अशा जुन्या डेकल्सवर पारदर्शक लॅकरचा हात देऊन वापरता येतं, पण इथे नंबर चुकलेला आणि वर्तुळंही वाकडी. तो कागद बाद.

शेवटी वजन, कारण नाक हलकं राहिलं तर मॉडेल शेपटीवर बसतं. टेपने जोडलेलं धड मागच्या चाकांच्या जागी पेन्सिलवर तोललं आणि नाकात गळाच्या शिशाच्या गोळ्या एकेक टाकल्या. 15 ग्रॅमला नाक खाली आलं. चाकं, रंग आणि इंधन टाक्या धरून मी 20 लिहिले. त्या गोळ्या नाक बंद करण्याआधीच चिकटवाव्या लागतात, नंतर वाट नसते.

कागदावर लिहून दिलं: प्लॅस्टिक घेण्यालायक, पंख सरळ करणं आणि उजव्या हवातोंडाची पट्टी मिळून दोन दिवसांचं जास्तीचं काम, डेकल्स वेगळे मागवावे लागतील. हवेत इंधन घेण्याची नळी कॉकपिटपुढे किंचित उजवीकडे येते. पत्रिकेतलं चित्र अस्पष्ट असल्याने तेही नोंदवलं. कोणता केएफ नंबर हवा, ते काकांनी स्वतः माझ्या पेनाने खाली लिहिलं.