भाऊसाहेब, वेलांटी आणि लिनक्स

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी नव्या संगणकावर पहिला शब्द टाइप केला तो ‘नाशिक’. पडद्यावर ‘ना’ उमटला, मग ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली वेलांटी, मग ‘शक’. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मॅडम, म्हणून म्हणत होतो, फुकटचं घेऊ नका.”

संगणक तरी कुठे नवे? सातपूर एमआयडीसीत कामाला असलेल्या एका पालकांनी कंपनीतून भंगारात निघालेले अकरा मिळवून दिले. जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून घेतलेल्या. त्यांच्या जागी एमजी रोडवरून १२० जीबीच्या एसएसडी आणल्या आणि गॅदरिंगचे उरलेले पैसे तिथेच संपले. विंडोजच्या अकरा लायसन्सचा विषय काढण्यात अर्थच नव्हता. जुन्या लॅबमध्ये कुणीतरी लायसन्सशिवाय ‘टाकून दिलेलं’ विंडोज ७ होतं. त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले, तरी आम्ही तेच रेटत होतो आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस घरोघरी वाटत होतो. मी डेबियन टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचाच एक प्रकार, सोबत एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, कारण ते एवढ्याशा रॅममध्ये निभावतं. माझे तीन शनिवार गेले. ते कुठल्याच बिलात नाहीत.

केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतात, असं मुख्याध्यापकांना सांगून पाहिलं. “केरळचं राहू द्या, आपला प्रिंटर चालेल का?” नाही चालला. त्या मॉडेलचा ड्रायव्हरच मिळेना. आता पीडीएफ करून ऑफिसच्या जुन्या मशिनवर नेतो.

पण खरी अडचण वेलांटीची. भाऊसाहेब रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर टायपिंग शिकले. कागद डावीकडून भरत जातो, म्हणून टाइपरायटरवर आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोड, म्हणजे आता संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, चालतं उच्चाराच्या क्रमाने, आधी श, मग वेलांटी. तीस वर्षांची बोटांची सवय एका दुपारी कशी उलटणार? त्यात दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या, छपाईच्या (डीटीपी) फॉन्टात. तो फॉन्टही कुणाच्यातरी सीडीवरून उतरवलेला. फॉन्ट नसला की सगळा मजकूर रोमन अक्षरांचा चिवडा. युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. सहामाहीचा एक पेपर शेवटी मी पहिल्यापासून टाइप केला.

पाचवीच्या पोरांना यातलं काही माहीतच नाही. त्यांना मी थेट इनस्क्रिप्टच शिकवलं, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘नाशिक’ला पाच कळा, ‘श’ला तेवढं शिफ्ट. आठवड्याभरात आपापली नावं लिहायला लागली.

आठवीला लिब्रेऑफिसचं कॅल्क, एक्सेलसारखंच. पुस्तकातल्या नफा-तोट्याऐवजी नाशिकजवळच्या गिरणारे गावचा टोमॅटो घेतला, कारण वर्गातल्या निम्म्यांच्या घरी तोच. वीस किलोचं क्रेट, तोडणी, गाडीभाडं, हमाली, सगळे आकडे मुलांनीच घरून आणले. कीटकनाशकांच्या नावांवरून दोघांचं भांडणही झालं. एका मुलाच्या शेवटच्या खान्यात उणे चिन्ह आलं. “मॅडम, सूत्र चुकलं का?” मी दोनदा तपासलं. सूत्र बरोबर होतं. त्याने ते खानं लाल केलं आणि पुढचा आठवडा भरायला घेतला.

भूमितीला आकृत्या काढायचं जिओजेब्रा वापरते. काटेकोरपणे बघितलं तर ते पूर्ण मुक्त नाही, व्यापारी वापराला अटी आहेत. शाळेला चालतं. एकजण मला यावरून तासभर ऐकवून गेले होते. त्यांनी स्वतः येऊन एक मशीन लावून दिलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊसाहेब आता वेलांटी नंतर टाकतात. फक्त प्रिंट काढायला ऑफिसच्या जुन्या मशिनवर बसले की तिथे जुना फॉन्ट, म्हणून उलटं होतं, आणि मग दोन्हीकडच्या चुका लिनक्सच्याच नावावर जातात.