उलटी पट्टी

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा नेहमीचा ईसीजी. बारा वर्षं हेच काम करतेय, हात आपोआप चालतात. आमच्या मशीनची लाल क्लिप उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या, काळी-हिरवी पायांना, सहा रबरी बल्ब छातीवर. "शॉक नाही ना गं बसणार?" आजींनी विचारलं. म्हटलं, "आजी, हे मशीन काही देत नाही, नुसतं ऐकतं."

आलेखाची पट्टी बाहेर आली आणि मी जीभ चावली. लीड म्हणजे हृदयाकडे एका बाजूने बघणारी रेघ. दोन हातांमधल्या लीड वनमध्ये सगळं खाली डोकं वर पाय. एरवी खाली तोंड करून बसणारी एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताकडून बघणारी लीड, चक्क ताठ उभी. असं दिसलं की आम्ही आधी स्वतःलाच शिव्या घालतो, कारण बहुतेक वेळा हातांच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. बघितलं तर लाल उजवीकडेच, पिवळी डावीकडेच. पुन्हा काढला. तेच. केबल बदलली. तरी तेच!

छातीच्या लीड्स खरं तर मी आधीच बघायला हव्या होत्या. नुसत्या हातांच्या वायरी चुकल्या तर त्या बिघडत नाहीत. एरवी व्ही वन या छातीवरच्या पहिल्या लीडपासून पुढे सुळका वाढत जातो. इथे तो खुजा होत होत शेवटच्या व्ही सिक्सला जवळपास झोपलाच होता.

आजींना विचारून छातीच्या उजव्या बाजूला तळवा ठेवला. ठोका तिथे लागत होता.

डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांचा पहिला प्रश्न अर्थातच, "वायरी बघितल्यास?" मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, प्रोब उजव्या बाजूला ठेवून. हृदय आरशातल्यासारखं उजवीकडे, यकृत डावीकडे. झडपा उत्तम, पंपिंग साठ टक्के, म्हणजे नॉर्मल. एकाहत्तर वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग मी हातांच्या वायरी मुद्दाम उलट लावल्या, छातीचे बल्बही उजवीकडे नेले. पट्टी अगदी नॉर्मल आली. त्यावर पेनाने ठळक लिहिलं, 'वायरी उलट लावून काढला'. नाहीतर पुढचा डॉक्टर फसायचा.

मॅडम आजींना समजावत होत्या, "हा कागद कायम जवळ ठेवा. उद्या अपेंडिक्स सुजलं तर तुमचं डावीकडे दुखेल."

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते असू दे. डोळा मात्र डावाच करायचाय हं, त्यात घोळ घालू नका."