चौथा रकाना

"तुझ्या वस्तू घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देईन," ही आईची धमकी गेली वीस वर्षं चालू आहे. या मे महिन्यात मात्र तिने माझ्या नावाची पिशवी बांधून थेट दारापाशी ठेवली. पिशवीत निघाली एक गंजलेली कंपासपेटी, कॅमेऱ्याच्या रिळांच्या सात काळ्या डब्या आणि एक दोनशे पानी वही. वहीवर माझ्या पाचवीतल्या अक्षरात 'नाणेसंग्रह' आणि खाली लाल शाईच्या दोन रेघा. खाजगी वस्तू असल्याचं दाखवायला कोपऱ्यात 'हात लावू नये' अशी ताकीदही होती. ती धाकट्या भावासाठी होती आणि त्याने ती कधीच पाळली नाही.

कंपासपेटी उघडली तर बिजागरी हातात आली. कर्कटकाच्या खाचेत पाच पैशांची चौकोनी नाणी उभी रचलेली, कोनमापकाच्या जागी दहा पैशांची नक्षीदार काठाची. ॲल्युमिनियमची ती नाणी इतकी हलकी की तळहातावर दहा-बारा घेतली तरी हात रिकामाच वाटतो. एक पैसा चौकोनी, दोन पैसे पाकळ्यांचे, तीन पैसे षट्कोनी. आमच्या लहानपणीच ही चिल्लर बाजारातून जवळजवळ उठली होती. ३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी कायद्यानेही बाद झाली. म्हणजे हा सगळा ऐवज आता अधिकृतपणे कवडीमोल. कवडीला निदान सारीपाटात तरी काम असतं.

वहीत चार रकाने आखलेले होते. देश, साल, किंमत, कोणी दिलं. पहिले तीन नाण्यावरूनच उतरवलेले, ते कुणीही भरले असते. मी दुपारभर वाचत बसले तो चौथा.

'बाबा' हे नाव त्यात सगळ्यात जास्त वेळा आहे आणि खरं तर ते चूक आहे, कारण बाबांनी एकही नाणं मला दिलं नाही. ते एसटीत कंडक्टर होते. रात्री घरी आले की चामडी पिशवी सतरंजीवर उलटी करायचे आणि चिल्लर लावायला बसायचे. माझं काम आठ आण्यांच्या चवडी करायचं. मधूनच एखादं वेगळं नाणं निघे. नेहरूंच्या चेहऱ्याचं १९६४ चं पन्नास पैशांचं, किंवा पिवळं धमक कमळाचं वीस पैशांचं. त्या कमळात सोनं मिसळलेलं आहे, अशी आमच्या वर्गात सगळ्यांची पक्की खात्री होती. ते पितळेच्याच जातीतलं होतं हे पुढे कळलं, तोपर्यंत एका मैत्रिणीने तिचं कमळ विहिरीत लपवून कायमचं घालवलं होतं. तर असं नाणं दिसलं की मी हात पुढे करायची आणि बाबा म्हणायचे, "आधी तेवढेच पैसे आण." हिशेब उद्या भरायचा असे, त्यात वीस पैसे कमी पडून चालणार नव्हते. मी माझ्या डब्यातून दहा-दहाची दोन नाणी आणून द्यायची आणि मग कमळ माझं व्हायचं. 'कोणी दिलं' या रकान्यात 'बाबांकडून विकत घेतलं' असं लिहायला हवं होतं. पाचवीत माणूस एवढा काटेकोर नसतो.

नाण्यावरच्या सालाखाली काय असतं ते बघायचं हेही बाबांनीच शिकवलं. पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. पुढे नोएडाची टांकसाळ सुरू झाली तेव्हा ठिपकाही येऊ लागला. ही विद्या अंगात आल्यावर आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी वाण्याने परत दिलेली चिल्लर डोळ्यांजवळ नेऊन तपासायचो आणि वाणी चिडायचा. आम्ही त्याच्यावर खोट्या नाण्यांचा संशय घेतोय असं त्याला वाटे.

आत्याचं नाव एकदाच आहे. ती काठमांडूला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेली होती, तिथून एक नाणं घेऊन आली. देवनागरी आकड्यांत साल होतं २०४१. आम्ही तेव्हा १९८५ सालात होतो. छप्पन्न वर्षं पुढचं नाणं आत्याच्या पर्समधून निघतं, याचा अर्थ काय लावायचा ते मला आठवडाभर कळलं नाही आणि विचारायची भीतीही वाटली, कारण उत्तर साधं निघालं तर सगळी मजा जाणार. ते साधंच निघालं. नेपाळात विक्रम संवत चालतो, तो आपल्या सालाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे असतो. वहीत मात्र त्या ओळीत साल २०४१ लिहून पुढे कंसात 'अजून यायचं आहे' अशी नोंद आहे. ती मी खोडली नाही, आताही नाही.

दुबईच्या मामाने आणलेला दिरहम वहीत दोन ओळी खाऊन बसलाय, कारण त्यावरची कॉफीची किटली मला इतकी आवडली की मी तिचं चित्र काढलं. खरं तर त्या वयात सगळ्यात जास्त वेळ याच उद्योगात गेला असेल. कागदाखाली नाणं ठेवायचं, पेन्सिल आडवी धरून घासायची, आणि पांढऱ्या कागदातून हळूहळू अशोकस्तंभ वर येताना बघायचा. वहीची शेवटची चाळीस पानं अशा शिशाच्या छापांनी काळी झाली आहेत. लेक ती पानं उलटताना म्हणाली, "हे बरंय, प्रिंटर नव्हता तर."

आईचे वडील शेतकरी. त्यांना नांगरताना सापडलेली शिवराई त्यांनी मला दिली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ओबडधोबड ठोकलेलं तांबं, कडा एका अंगाला उतरलेली. छत्रपतींच्या घराण्याचं हे नाणं पेशवाईतही पाडलं जात होतं, तेव्हा माझी शिवराई नक्की कधीची ते कुणी जाणकारच सांगू शकला असता. शकला असता, कारण मी त्या बिचारीचं काय केलं ते ऐका. देवाची तांब्याची भांडी चिंच लावून लख्ख होतात हे मी बघितलेलं. मग शिवराई का काळी राहावी? चिंच, मीठ, वर राख, आणि अर्धा तास घासणं. निघाली ती नव्या ताम्हणासारखी झळझळीत आणि 'शिव' मधला 'व' जवळजवळ गायब. नाण्यावर चढलेला तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, नाण्याची कातडी असते. ती सोलायची नसते हे जुनी नाणी जमवणारा कुणीही पहिल्या दिवशी सांगतो. मला सांगायला कुणी नव्हतं. आजोबांनी ती लख्ख शिवराई बघितली आणि "छान केलंस हो" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे.

पुढे नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत गेले तेव्हा शिवराईचं पाप जरा हलकं झालं. नाशिक भागातच जोगळटेंभी नावाच्या गावी १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचं घबाड सापडलं होतं. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातली बहुतेक गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवल्यावर स्वतःचा ठसा मारून पुन्हा चालवलेली. वितळवण्याचीही तसदी नाही, चेहऱ्यावरच ठोकलेला ठसा. मोठमोठ्या राजांनी नाणी अशी वापरली आहेत, माझी तर नुसती चिंच होती.

काकांचा नाद वेगळा. त्यांना एकच नाणं हवं होतं, १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता, तो सोंड आखूड पडल्यामुळे डुकरासारखा दिसायचा. लोक बिथरले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने हत्ती सुधारून घेतला. हा 'डुकराचा रुपया' काकांनी जन्मभर शोधला. लग्नाकार्यात गेले तरी यजमानांना विचारायचे, "घरात जुने रुपये आहेत का हो? नुसते बघायला." सापडला नाही. शेवटी कुठूनतरी १९४७ चा निकेलचा रुपया आणला, एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चालणारा वाघ. माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "डुक्कर काही मिळेना, तू वाघ ठेव."

वाघ ठेवला, आणि त्या वाघानेच घोटाळा केला.

पण आधी आजी. आजीच्या जिभेवर आणे होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले, तेव्हा ती चाळिशीत होती आणि त्या बदलाचा राग तिने शेवटपर्यंत सोडला नाही. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस! "साही त्रिक अठरा होतात," ती मला बोटं मोडून दाखवायची, "मग वरचा एक पैसा कुणाच्या घशात गेला?" एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, तो पाव-पाव साचून तिसऱ्या आण्याला तीन पाव होतो, म्हणून एकोणीस, असं मी सहावीत अपूर्णांक शिकल्यावर तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली, "पण तो पाव-पाव आधी ठेवला होता कुणी?" आजही मला यावर उत्तर देता येत नाही. चवली, पावली, अधेली, ढब्बू, भोकाचा पैसा ही तिची नाणी. भोकाचे पैसे १९४३ पासून आले, लढाईत तांबं वाचावं म्हणून. त्यातले पाच तिने सुतळीत ओवून मला दिले. वहीत त्यांची नोंद 'आजी, माळेसकट' अशी आहे.

आजीकडे एक चांदीचा रुपयाही होता, राणी छाप, १८६२ चा. एक तोळा वजनाचा. पूर्वी सोनं तोलताना 'रुपयाभार' म्हणत ते त्याच्याच जोरावर. तो लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्याच्या खणात असे आणि वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, बाहेर येई. तो संग्रहात यायचा प्रश्नच नव्हता. मला तो एका रविवारपुरता हवा होता, फक्त छाप काढायला.

छाप छान आला. मग वाटलं, रिळाच्या डबीत कसा दिसेल? काकांच्या कॅमेऱ्यामुळे अशा डब्या माझ्याकडे होत्या आणि नाणी त्यांत सुरेख बसायची. रुपयाही बसला. इतका नेमका बसला की निघेचना. मी डबी उलटी करून आपटली, गरम पाण्यात धरली, केसांची पिन घातली. रुपया तळाशी राणीसारखाच शांत. संध्याकाळी आजी देवापुढे दिवा लावायला येणार. मी काकांचा वाघ लाल कापडात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला. उद्या डबी कापू आणि बदलू, असं ठरलं होतं.

उद्या झाला नाही. दिवाळी आली, पूजा झाली, कुणी काही बोललं नाही, आणि मग बोलण्याची वेळच निघून गेली. आजी गेल्यावर पूजा आईकडे आली, खणातलं लाल कापडही. वहीत त्या रुपयाची ओळ आहे. देश, साल, किंमत भरलेलं. चौथा रकाना कोरा.

त्या दुपारी लेक फ्रिजवरचं चुंबक काढून सगळ्या नाण्यांवर फिरवत होती. गेंड्याचे चार आणे स्टीलचे, टपकन चिकटले. नेहरूंचं पन्नास पैशांचं निकेलचं, तेही चिकटलं. ॲल्युमिनियमची ढिम्म. "यातलं किती लाखाचं आहे?" तिने विचारलं. मोबाइलवर तसले संदेश फिरतच असतात, जुनं नाणं द्या आणि लखपती व्हा. रिझर्व्ह बँकेनेही त्यांच्यापासून सावध राहायला सांगितलंय. मी तिला म्हटलं, सगळं मिळून तुझा मोबाइल रिचार्ज होईल कदाचित. तिने सातवी डबी हलवली. "यातलं वाजत नाही."

मग मला सांगावंच लागलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आईसमोर, मान खाली घालून.

आईने ऐकता ऐकताच विळी ओढली आणि डबी उभी चिरली. रुपया बाहेर पडला, काळवंडलेला. तिने तो उचलून फरशीवर टाकला. आवाज निघाला आणि लांबत गेला, लांबत गेला.

"हाच तो आवाज," आई म्हणाली. "दरवर्षी पूजेआधी त्या पाटावर वाजवून बघायच्या. एका वर्षी वाजवला आणि थांबल्या. मला म्हणाल्या, बघ गं, माझ्या चष्म्यातून वाघ दिसतोय का? मी म्हटलं, हो, वाघच आहे. तर म्हणे, लक्ष्मीच्या राखणीला पोरीने बसवला असेल. बसू दे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोघींनाही. त्यांनीच सांगितलं होतं, विचारू नकोस म्हणून. देईल तेव्हा देईल."

मी रुपया तिच्या हातात द्यायला गेले तर तिने घेतला नाही. वाघाची सवय झालीय आता, म्हणाली, एवढ्या वर्षांचा हळदीकुंकवाचा थर आहे त्याच्यावर, आणि तो तू चिंचेने घासायचा नाहीस. मग वही माझ्याकडे सरकवली. "ती ओळ भरून टाक. आणि पिशवी उचल दारातून, येताजाता पाय अडकतो."